शब्दांचे जुळे

(ज्ञातिमंडळाच्या कौटुंबिक संमेलनात तोरणमाळ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी आम्हास जो विषय नेमून दिला तो 'इंग्रजीतील एकमेकांसारखे भासणारे शब्द व त्यांची योग्य निवड' असा आहे. चौतीस वर्षे आम्ही शाळेत इंग्रजी शिकविले, म्हणून ही कामगिरी आमच्याकडे आली असावी. भोजनोत्तर सभेत व्याकरण ऐकविणे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेचा अंत पाहणे होय, याची आम्हास पूर्ण जाणीव आहे. तथापि या विषयापायी आमच्या घराने एकदा जबर किंमत मोजलेली आहे. ती हकिकत सांगण्याचे मनात धरूनच आम्ही निमंत्रण स्वीकारले. ती पुढे येईल.

ज्या स्थळी आपण जमलो आहोत, त्याच्या नावापासूनच आरंभ करणे बरे. काल शहाद्याहून म्हसावद-राणीपूरमार्गे सातपायरीचा घाट चढत असता, मोटारीत शेजारी बसलेल्या, पुण्यात वाढलेल्या एका चिरंजीवांनी आम्हास विचारले, "काका, तोरण दाराला बांधतात आणि माळ गळ्यात घालतात. मग एकाच गावाला दोन्ही कशाला?" प्रश्न ऐकून मोटारीत हशा पिकला, पण मुलाचा तर्क टाकाऊ नव्हता. त्याला ठाऊक असलेले दोन्ही अर्थ खरेच आहेत, ते येथले नव्हेत इतकेच. तोरण नावाचे एक काटेरी झाड आहे, त्याला पांढुरकी फळे येतात. त्या झाडांवरून हे नाव पडले असे सांगतात. तोरणादेवीवरून पडले असेही सांगतात. आणि येथला 'माळ' म्हणजे डोंगरमाथ्यावरची मोकळी सपाट जमीन. ती माळ गळ्यात पडते, तो माळ पायांखाली असतो. मराठीत लिंगावरून हा भेद तत्काळ कळतो. मात्र दोन शब्दांचा समास झाला की लिंग झाकले जाते आणि मराठी घरातले मूलही फसते. आपल्या मातृभाषेत जर असे होते, तर परक्या भाषेत घोटाळा झाला म्हणून कोणी लाजण्याचे कारण नाही.

याच स्थळास इंग्रजीत 'हिल स्टेशन' म्हणतात. आमच्या आजीने तो शब्द प्रथम ऐकला तेव्हा, "तिथवर गाडी केव्हापासून जायला लागली?" असे विचारले होते. तिच्या लेखी स्टेशन म्हणजे नंदुरबार किंवा दोंडाईचा. साहेबाच्या अमदानीत मात्र अधिकारी मंडळी जेथे मुक्काम ठोकून राहत त्या गावास 'स्टेशन' म्हणण्याची रीत होती, आणि तो अर्थ 'हिल स्टेशन'मध्ये आजवर टिकून राहिला. तीच गोष्ट समोरच्या तलावाची. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात आपल्याकडील तलावास सर्रास 'टँक' म्हणत. हा शब्द आपल्या 'टाक्या'शी नाते सांगतो व त्यात पोर्तुगीजांच्या शब्दाचीही भेसळ आहे असे कोशकारांचे म्हणणे आहे. आज कोणा विद्यार्थ्याने यशवंत तलावास 'टँक' म्हटले, तर परीक्षक गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणील, किंवा रणगाडा.

आता मुख्य विषयाकडे वळू. घोटाळ्याचे शब्द दोन जातींचे असतात असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे. पहिली जात केवळ कानाची व अक्षरांची. 'लिव्ह' म्हणजे राहणे आणि 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणे. आपला विद्यार्थी "मी शहाद्यास राहतो" असे सांगू पाहतो आणि ऐकणारास तो शहादे सोडून चालला आहे असे वाटते. याचे मूळ आपल्या जिभेत आहे. आपण दिन आणि दीन, शिर आणि शीर हे शब्द लिहिताना वेगळे लिहितो, बोलताना त्यांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद क्वचितच पाळतो. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बंडी; इंग्रजीत यांकरिता दोन निराळे वर्ण, आपल्याकडे एकटा 'व'. त्यावर आपल्या लेखकांनी 'व्ह'ची युक्ती काढली. 'बेट' आणि 'बॅट' यांच्यासाठी अर्धचंद्र घेतला, आणि २००९ साली राज्य शासनाने मराठी वर्णमालेत 'ॲ' व 'ऑ' यांस रीतसर स्थानही दिले. या जातीच्या चुका सरावाने जातात. त्यांची फार चिंता करू नये.

अक्षरांच्या चुका मात्र छापल्या जातात आणि मग राहतात. आपल्या स्मरणिकेचेच उदाहरण घ्या. तिच्यातील अर्ध्या जाहिरातींच्या माथ्यावर 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम' असे असते. 'कॉम्प्लिमेंट' हा शब्द इंग्रजीत दोन प्रकारे लिहितात. मधले अक्षर 'आय' असेल तर अर्थ होतो शुभेच्छा, प्रशंसा. 'ई' असेल तर अर्थ होतो पूरक, उणीव भरून काढणारे. मागे एका वर्षी आपल्या बियाण्यांच्या, कापडाच्या आणि सोन्याचांदीच्या मिळून अकरा दुकानदारांनी आपल्या वाचकांस शुभेच्छांऐवजी 'उत्तम पूरके' पाठविली. कोणी तक्रार केली नाही, कारण कोणी वाचले नाही. त्या अंकाची मुद्रिते आम्हीच तपासली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. ज्यांचा अलीकडे संगणकावर व भ्रमणध्वनीवर भरवसा असतो त्यांनी ध्यानात घ्यावे, की अशा ठिकाणी यंत्राची तांबडी रेघ बहुधा उमटत नाही. दोन्ही शब्द कोशात आहेत. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही शुद्ध.

'स्टेशनरी' शब्दाचीही हीच गत. शेवटी 'ए-आर-वाय' असेल तर जागचे न हलणारे, 'ई-आर-वाय' असेल तर कागद-लेखणीचे सामान. लिफाफ्यास 'एन्व्हलप' म्हणतात व तो 'ई'पासून सुरू होतो, एवढी खूण आम्ही मुलांना देत असू. 'ॲडव्हाइस' नाम असता 'सी-ई'ने संपतो, क्रियापद असता 'एस-ई'ने, आणि तेव्हा त्याचा उच्चार 'ॲडव्हाइझ' होतो. असे कितीतरी आहेत.

काही शब्द समुद्र ओलांडताच स्वभाव बदलतात. आपल्या वधू-वर सूचीत मुलीच्या नावापुढे 'होमली' हे विशेषण आई-वडील मोठ्या हौसेने लिहितात. त्यांस म्हणायचे असते, घरसंसाराची आवड असलेली. इंग्लंडात या शब्दाचा अर्थ साधे, घरगुती, ऊबदार असा होतो, तेथवर ठीक. परंतु अमेरिकेत 'होमली' म्हणजे रूपाने अगदीच बेताची, म्हणजे स्पष्टच सांगायचे तर कुरूप. आपली सूची आता न्यू जर्सीपर्यंत जाते. तेथेच जन्मलेल्या मुलाच्या हाती ती पडली, तर आपण आपल्याच लेकीविषयी त्याला काय लिहून पाठविले याचा भगिनीवर्गाने विचार करावा. आमची सूचना इतकीच, की हा शब्द सूचीतून सरसकट काढावा. गृहकृत्यदक्ष मुलीस त्याने काही अधिक प्राप्त होत नाही.

घोटाळ्याच्या शब्दांची दुसरी जात अधिक खोल आहे. तेथे दोन इंग्रजी शब्द एकमेकांसारखे दिसतही नाहीत, ऐकूही येत नाहीत. घोटाळा होतो तो आपल्या मनात, कारण तेथे आपल्याजवळ शब्द एकच असतो. 'उसने' हा शब्द पाहा. उसने घेणे आणि उसने देणे. व्यवहार कोणत्या बाजूचा हे आपण क्रियापदाने सांगतो. इंग्रजीत घेणाऱ्यासाठी 'बॉरो' आणि देणाऱ्यासाठी 'लेंड' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. आपला मुलगा मनात 'उसने' म्हणतो, पहिला आठवेल तो शब्द उचलतो, आणि शेजाऱ्याकडे पेन मागता मागता स्वतःच देऊ करतो.

'पाहणे' घ्या. आपण सीताखाईची दरी पाहतो, चित्रपट पाहतो, लग्नासाठी मुलगी पाहतो. इंग्रजी माणूस सहज दृष्टीस पडले तर 'सी' म्हणेल, मुद्दाम नजर वळविली तर 'लुक', हालचालीवर नजर ठेवून राहिला तर 'वॉच'. आणि 'वाट पाहणे' यात तर डोळ्यांचा संबंधच नाही! विद्यार्थी कोश उघडतो व पहिला शब्द घेऊन कोश मिटतो. मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पूर्णत्वास नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्या जुन्या जाडजूड ग्रंथांत एका शब्दापुढे अर्थांची जी लांबलचक रांग दिसते, ती शोभेसाठी लावलेली नाही. रांगेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या अर्थापर्यंत जाण्याचा आळस हेच आपल्या निम्म्या चुकांचे मूळ आहे.

'पासून' आणि 'पर्यंत' ही दोन शब्दयोगी अव्यये तर आपल्याकडील अर्जांचा घात करतात. "मी पाच वर्षांपासून शेती करतो" याचे इंग्रजी करताना दहांतले आठ जण 'सिन्स फाइव्ह इयर्स' लिहितात. 'सिन्स' मागतो आरंभाचा क्षण: दोन हजार वीसपासून, सोमवारपासून, लग्न झाल्यापासून. काळाची लांबी सांगायची असेल तर 'फॉर'. एवढी चूक झाली तर अर्ज वाचणारा हसेल आणि पुढे जाईल. 'पर्यंत'चे तसे नाही. "मार्चपर्यंत पैसे भरीन" यात आपल्या मनात असते की मार्च संपण्यापूर्वी केव्हातरी एकदा भरीन. यास इंग्रजीत 'बाय मार्च' म्हणतात. आपण लिहितो 'टिल मार्च', आणि त्याचा अर्थ होतो, मार्च येईतोवर भरत राहीन, पुढे नाही. मराठीत "मार्चपर्यंत भरीन" आणि "मार्चपर्यंत भरत राहीन" हा भेद क्रियापदातून कळतो, म्हणून 'पर्यंत'वर भार पडत नाही. इंग्रजीत सारा भार त्या चिमुकल्या शब्दावर येतो. कर्जाच्या कागदात अशा शब्दाचे मोल किती, हे आता ऐका.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या ज्ञातीतील एका शेतकरी मित्रास ट्रॅक्टरकरिता कर्ज हवे होते. रक्कम एक लाख वीस हजार. तीन जामीन हवे होते. दोन शेतकरी मिळाले, तिसरे आम्ही. कागद इंग्रजी होता. आम्ही सोडून त्या खोलीत इंग्रजी नीट जाणणारा आपला कोणीही नव्हता, म्हणून मित्राने विश्वासाने कागद आमच्या हाती दिला व म्हणाला, "गुरुजी, तुम्ही वाचून सांगा, मग आम्ही सह्या करतो." आम्ही वाचला. त्यात शब्द होते 'जॉइंटली अँड सेव्हरली'. 'जॉइंटली' म्हणजे मिळून, 'सेव्हरली' म्हणजे वेगवेगळे. आम्ही तात्काळ अर्थ लावला: तिघे मिळून जबाबदार, आणि ज्याच्या त्याच्या वाट्यापुरता वेगवेगळा जबाबदार. म्हणजे वेळ आलीच तर प्रत्येकी चाळीस हजार. तसे मोठ्याने सांगितले. तिघांच्या सह्या झाल्या, चहा झाला.

शब्दार्थात आमची चूक नव्हती, हीच मौज. 'सेव्हरल' म्हणजे 'पुष्कळ' हा अर्थ आज रूढ आहे. मूळ अर्थ निराळा, सुटा. तोडणे या अर्थाचा 'सेव्हर' हा शब्द त्याचाच भाऊबंद. 'सिव्हिअर' म्हणजे कडक, तो मात्र या कुळातला नव्हे, जरी एका सोबत्याने सही करताना तो शब्द तसाच वाचला होता आणि अटी कडक आहेत म्हणून मान हलविली होती. (पुढे जे घडले ते पाहता तिघांत त्याचेच भाषांतर अधिक बरोबर ठरले.) नुसते 'सेव्हरली' असते तर आमचा अर्थ चालला असता, जो तो आपल्या वाट्यापुरता. परंतु दोन शब्द 'अँड'ने जोडले, की कायद्यात तिसराच अर्थ उभा राहतो: सर्वांकडून मिळून, किंवा त्यांपैकी कोणाही एकट्याकडून, संपूर्ण रक्कम वसूल करता येईल. सुटा शब्द आणि जोडशब्द यांत आम्ही गफलत केली. तोरण आणि माळ यांची फोड ठाऊक असून तोरणमाळ न कळावे, तसाच हा प्रकार.

दोन हंगाम पाठोपाठ बुडाले. मित्राचे हप्ते थकले. नोटीस आली ती आम्हा एकट्यास, आणि ती साऱ्या थकलेल्या रकमेची, व्याजासह. धनको दोन शेतकऱ्यांच्या दारी कशाला जाईल? आमचा पगार दरमहा ठरलेल्या तारखेस होत होता. आम्ही तावातावाने कचेरीत गेलो आणि आमचा वाटा तेवढा घ्या म्हणून सांगू लागलो. तेथल्या तरुण कारकुनाने शांतपणे त्या तीन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

कन्येच्या पुण्यातील प्रवेशाकरिता जी रक्कम बाजूस ठेवली होती, ती त्यात गेली. ती मुलगी एक वर्ष घरी बसली. तिने आदळआपट केली नाही, आमच्याशी अबोलाही धरला नाही. एकदा रात्री भांडी आवरता आवरता तिने विचारले, "आप्पा, तुम्ही वर्गात मुलांना कोश पाहायला लावता. त्या दिवशी तुम्ही पाहिला होता का?" कोश घरी फडताळात होता, सही करताना आम्ही कचेरीत होतो, आणि कागद घरी नेऊन उद्या आणतो असे म्हणण्याचा आम्हास संकोच वाटला होता. इंग्रजीच्या मास्तराने इंग्रजी कागदासाठी मुदत मागायची ती कशी? यांपैकी काहीच आम्ही तिला बोललो नाही.

नंतर पुष्कळ वाचले. ते आपणा सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो. भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे. त्याच्या ४३व्या कलमाप्रमाणे अनेकांनी मिळून वचन दिले असेल, आणि उलट काही ठरले नसेल, तर कोणाही एकाकडून पूर्ण पालन करवून घेता येते. म्हणजे ते तीन शब्द कागदात नसते तरी आमची सुटका झाली नसती. १२८वे कलम सांगते की करारात वेगळे ठरले नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. या मूळ ऋणकोस इंग्रजीत 'प्रिन्सिपल डेटर' म्हणतात. हा 'प्रिन्सिपल' 'ए-एल'ने संपणारा, म्हणजे मुख्य. मुद्दलालाही तोच शब्द आणि विद्यालयाच्या प्राचार्यांनाही तोच. 'एल-ई'ने संपणारा तो तत्त्व या अर्थाचा. मुख्य, मुद्दल आणि तत्त्व यांची सरमिसळ कर्जाच्या कागदात करू नये.

परंतु कायद्याने जामिनास अगदी वाऱ्यावर सोडलेले नाही. ज्याने पैसे भरले तो मूळ ऋणकोकडून ते परत मागू शकतो, हे १४५व्या कलमात आहे. सहजामिनांनी आपसात भार समान वाहावा, हे १४६व्या कलमात. म्हणजे आम्ही समजलो होतो तो प्रत्येकी तृतीयांशाचा हिशेब खोटा नव्हता; तो आम्हा तिघांमधला होता, धनकोशी त्याचा संबंध नव्हता. आमच्या दोन सोबत्यांपैकी एकाने म्हैस विकून आपला वाटा आठवडाभरात आणून दिला. दुसऱ्यास चार वर्षे लागली. मित्राने राहिलेले हळूहळू फेडले, कधी रोख, कधी ज्वारीच्या पोत्यांनी. ते गृहस्थ अजून संमेलनास नेमाने येतात. त्यांचे नाव आम्ही सांगणार नाही आणि कोणी शोधूही नये.

आजकाल कागद मराठीतही मिळतात, आणि त्यांत 'संयुक्तपणे व पृथकपणे' असे छापलेले असते. मराठी म्हणून ते समजले असे कृपा करून मानू नका. 'पृथक' वाचून आपणासही आमच्यासारखाच वाट्याचा भास होईल. त्या जागी "कोणाही एकाकडून संपूर्ण रक्कम" असे शब्द मनाशी वाचावेत, मग सही करायची की नाही ते ठरवावे. जामीन राहू नये असे आमचे म्हणणे नाही. एकमेकांस जामीन राहिल्यावाचून आपल्या ज्ञातीत कोणाची विहीर झाली नसती, कोणाचे पोर शिकले नसते.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. शहाद्याच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी दोन तास कोणीतरी बसावे. ज्ञातीतील जे वकील, बँकेतले अधिकारी आणि शिक्षक आहेत त्यांनी पाळी लावून घ्यावी. कोणाचा अर्ज, कोणाची नोटीस, कोणाचा जामीनकीचा कागद असेल तो सहीपूर्वी तेथे आणावा आणि एका जागी दोघांनी वाचावा. खर्च एका कोशाचा आणि चहाचा. पहिल्या तीन महिन्यांचे रविवार आम्ही आमच्याकडे घेतो.

उद्या सकाळी परतीच्या मोटारी निघेपर्यंत आम्ही विश्रामगृहाच्या ओसरीवर आहोतच. ज्यांच्यापाशी आता एखादा कागद असेल त्यांनी आणावा. यंदाच्या स्मरणिकेतील जाहिरातींची मुद्रिते तपासण्याचे काम कार्यकारिणीने आमच्या कन्येकडे सोपविले आहे. ज्यांनी जाहिरातीचा मजकूर अद्याप दिला नसेल त्यांनी तो तिच्याकडे द्यावा.